ओझं नेमकं कशाचं? सोलापूरच्या एका लग्न-स्टुडिओने फुल-फ्रेम मिररलेस निवडताना केलेला हिशेब

पार्श्वभूमी

सोलापुरात लग्न, मुंज, साखरपुडा आणि वर्षातून एकदा सिद्धेश्वर यात्रेचे काम करणारा हा दोन माणसांचा स्टुडिओ. मालक पन्नाशीच्या आसपासचे, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. सोबत पुतण्या. इथे दोघांची ओळख एवढीच ठेवली आहे.

कामाची साधने २०१४ सालच्या पिढीतली: निकॉनचे दोन डी७५०, एकावर २४-७० मिमी एफ/२.८ झूम लेन्स आणि दुसऱ्यावर ७०-२०० मिमी एफ/२.८ (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे). लग्नात मुहूर्त थांबत नाही आणि मांडवात लेन्स बदलायला फुरसत नसते, त्यामुळे दोन्ही कॅमेरे कायम अंगावर. किराणा दुकानातल्या काट्यावर तोलले, तर आकडे कंपनीच्या पुस्तिकेशी जुळले. बॅटरी आणि कार्डासह बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, ८४० ग्रॅम, छोटी झूम ९०० ग्रॅम, मोठी झूम १५४० ग्रॅम. दोन्ही कॅमेरे मिळून ४ किलो १२० ग्रॅम, फ्लॅश वेगळाच.

अडचण

अण्णांचा उजवा खांदा आणि मान धरू लागली. लग्नसराईत सकाळी हळद, दुपारी मुहूर्त, रात्री रिसेप्शन असे बारा-चौदा तास उभे राहायचे. यात्रेत यण्णीमज्जनाच्या (तैलाभिषेकाच्या) दिवशी सातही नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, तेव्हा दिवसभर चालत काम करायचे. फिजिओथेरपिस्टने स्पष्ट सांगितले की एका बाजूला लटकणारे ओझे कमी झाले नाही, तर व्यायामाचा उपयोग होणार नाही.

दुसरीकडे दर्जात तडजोड परवडणार नव्हती. स्टुडिओचा अल्बम १२ × ३६ इंचांचा. रात्रीची कार्यालये एलईडीने उजळलेली दिसतात, पण मोजमाप घेतले तर एफ/२.८ आणि १/२०० सेकंदाला आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, ६४०० च्या आसपास न्यावी लागते; ती वाढली की फोटो दाणेदार होतो. छिद्र एका टप्प्याने लहान केले, म्हणजे प्रकाश निम्मा झाला, की आयएसओ थेट १२८००.

पुतण्याचा उपाय सरळ होता: आत आरसा नसलेला, म्हणजे मिररलेस कॅमेरा. “काका, छोटी मिररलेस बॉडी घेऊ. खांदा सुटेल.” अण्णांना पटले, पण छोट्या कॅमेऱ्याने फोटो ‘पातळ’ येईल ही भीती होती. हे दोन्ही समज अर्धवट होते, आणि पुढच्या सगळ्या निर्णयांचे मूळ त्यातच आहे.

चातुर्मासात लग्ने नसतात. २०२५ च्या आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंतचा काळ त्यांनी तपासणीला दिला. निर्णय घाईत झाला नाही, ही या प्रकरणातली पहिली चांगली गोष्ट.

पहिला वळणबिंदू: फक्त बॉडी बदलायची का?

सर्वात कमी खर्चाचा विचार असा की जुन्या लेन्स ठेवायच्या, निकॉनचीच मिररलेस बॉडी घ्यायची आणि मध्ये अ‍ॅडॅप्टर लावायचा. त्या वर्षी एप्रिलमध्ये आलेला झेड५ टू बॅटरी आणि कार्डासह ७०० ग्रॅमचा आहे. एफटीझेड टू अ‍ॅडॅप्टर १२५ ग्रॅम. जुनी २४-७० तीच, ९०० ग्रॅम. बेरीज १७२५. आधीची जोडी १७४० ग्रॅमची होती.

मोठी रक्कम मोडून वाचले १५ ग्रॅम. शिवाय अ‍ॅडॅप्टरमुळे लेन्स पुढे सरकते, म्हणजे मनगटावरचा ताण उलट वाढतो. हा पर्याय कागदावरच संपला. वजनाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ही बेरीज सगळ्यात आधी मांडावी, कारण दुकानात बॉडी हातात घेऊन ‘किती हलकी आहे’ म्हणताना तिच्यावर लेन्स बसवलेली नसते.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आरसा गेला म्हणून माउंटपासून (लेन्स बसते त्या कडीपासून) सेन्सरपर्यंतचे अंतर कमी झाले. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये ते ४६.५ मिमी होते, झेडमध्ये १६ मिमी आहे. त्याने बॉडी पातळ होते आणि रुंद कोनाच्या लेन्स आटोपशीर करता येतात. पण २०० मिमी लेन्सला एफ/२.८ चे छिद्र हवे असेल, तर २०० भागिले २.८ म्हणजे सुमारे ७१ मिमी व्यासाचा प्रकाशझोत आत घ्यावाच लागतो. पुढची काच त्याहून लहान करता येत नाही, मागे आरसा असो वा नसो. म्हणूनच निकॉनची २०२० साली जाहीर झालेली झेड ७०-२०० एफ/२.८ सुद्धा ट्रायपॉडच्या कॉलरसह १४४० ग्रॅम भरते. सेन्सर ३६ × २४ मिमीचा, म्हणजे फुल-फ्रेम, आहे तोवर हा हिशेब टळत नाही.

मग सेन्सरच लहान घ्यावा का?

हाही प्रश्न निघाला. एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ × १५.६ मिमीचा, म्हणजे ३६७ चौरस मिमी. फुल-फ्रेम ८६४ चौरस मिमी. त्याच छिद्राला आणि त्याच वेगाला एकूण प्रकाश निम्म्याहून कमी, फरक सव्वा टप्प्याचा. तो भरून काढायला एफ/१.८ ची झूम लागेल. तशी सिग्माची १८-३५ आहे, पण ती ८१० ग्रॅमची आणि तिचा पल्ला फुल-फ्रेमच्या हिशेबाने २७ ते ५३ मिमीच. रात्रीच्या कामाला वजन परत तिथेच येऊन थांबते. दिवसाच्या प्रवासाला किंवा नान्नजच्या माळावर पक्षी टिपायला लहान सेन्सरचे गणित वेगळे निघेल. या स्टुडिओचे काम ते नव्हते.

उरलेले पर्याय

तीन पर्याय कागदावर राहिले.

पहिला, या तिघांतल्या सर्वात छोट्या फुल-फ्रेम बॉडीची जोडी. सोनी ए७सी टू, ५१४ ग्रॅम, ३३ मेगापिक्सल. एकावर टॅमरॉन २८-७५ एफ/२.८ जी२ (५४० ग्रॅम), दुसऱ्यावर टॅमरॉन ७०-१८० एफ/२.८ जी२ (८५५ ग्रॅम). एकूण २४२३ ग्रॅम.

दुसरा, मध्यम आकाराची जोडी. निकॉन झेड५ टू, २४.५ मेगापिक्सल, त्यावर निकॉनच्याच २८-७५ एफ/२.८ (५६५ ग्रॅम) आणि ७०-१८० एफ/२.८ (७९५ ग्रॅम). एकूण २७६० ग्रॅम.

तिसरा, एकच झेड५ टू आणि २४-१२० एफ/४. फक्त १३३० ग्रॅम.

इथे अण्णांच्या पुतण्याने वहीत एक साधी वजाबाकी केली आणि चर्चेची दिशा बदलली. ४१२० वरून २७६० वर येताना १३६० ग्रॅम कमी होतात. त्यातले बॉडीचे २८० आणि लेन्सचे १०८०. पाचातले चार हिस्से लेन्सनेच हलके केले होते. ७०-२०० ऐवजी ७०-१८० घेतली की छिद्राचा व्यास ७१ वरून ६४ मिमीवर येतो, फिल्टर ७७ वरून ६७ मिमीचा होतो, धातूची कॉलर जाते. शेवटचे २० मिमी सोडण्याची किंमत एवढी मोठी वसूल होते.

सर्वात छोटी जोडी आणि मध्यम जोडी यांतला लेन्ससह फरक मात्र दोन कॅमेरे मिळून ३३७ ग्रॅम. एका कॅमेऱ्यामागे पावशेरही नाही. आता प्रश्न एवढाच राहिला की त्या ३३७ ग्रॅमच्या बदल्यात काय सुटते.

चाचणी

दोन्ही कॅमेरे लेन्ससह पुण्याहून दोन दिवस भाड्याने आणले. रिकामे कार्यालय, रात्रीचेच दिवे, ट्रायपॉड, तीनही कॅमेऱ्यांना एफ/२.८, १/२०० आणि आयएसओ ६४००, रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल. डी७५० मुद्दाम सोबत ठेवला, नाहीतर नव्याचे कौतुक कशाच्या तुलनेत करायचे?

संगणकाच्या पडद्यावर शंभर टक्के मोठे करून पाहिल्यावर ए७सी टूची फाइल जास्त दाणेदार वाटली. इथेच अनेकांची फसगत होते. ३३ मेगापिक्सलचा फोटो शंभर टक्क्यांवर २४ च्या तुलनेत जास्त मोठा दिसतो, म्हणून दाणाही मोठा दिसतो. सगळ्या फाइल एकाच मापाला आणून १२ × १८ चे प्रिंट काढले, मागे फक्त अ, ब, क लिहिले. लॅबवाल्यासह चौघांपैकी कुणालाही सातत्याने कॅमेरा ओळखता आला नाही. २०१४ चा डी७५० सुद्धा त्या कागदावर मागे पडला नाही.

अण्णांची ‘छोटा कॅमेरा, पातळ फोटो’ ही भीती त्या टेबलावर संपली. सेन्सर त्याच मापाचा आणि समोरची काच त्याच दर्जाची असेल, तर बॉडीच्या आकाराने चित्र बिघडत नाही.

तपशिलाचा फरक १२ × ३६ च्या पूर्ण पानावर मोजला. एकच फोटो पानभर पसरला, तर २४.५ मेगापिक्सलचे ६०४८ पिक्सल ३६ इंचांत वाटले जातात, इंचाला १६८. ३३ मेगापिक्सलचे ७००८, इंचाला सुमारे १९५. हातात धरलेल्या अल्बमला दोन्ही पुरतात. उलट साठवणीची जागा तिसऱ्या हिश्शाने जास्त लागते.

छोट्या बॉडीत खरी तूट हाताळणीत निघाली, आणि इथे एकेक मुद्दा वेगळा तोलावा लागला.

पकड. ८५५ ग्रॅमची लेन्स ५१४ ग्रॅमच्या बॉडीवर लावली की तोल पुढे जातो. अण्णांची करंगळी बॉडीखाली अधांतरी राहिली आणि तासाभरात मनगट दुखू लागले. काट्यावर कमी भरणारी जोडी हाताला जड लागली. खाली पकड वाढवणारी जोडपट्टी लावता येते, पण मग वाचवलेल्या वजनातला काही भाग परत येतो.

पडदा, म्हणजे शटर. ए७सी टूमध्ये पहिला पडदा इलेक्ट्रॉनिकच असतो आणि त्या पडद्याच्या वेगाची कमाल १/४०००. आयएसओ १००, एफ/१.८ आणि सोलापूरचे दुपारचे ऊन यांना साधारण १/८००० लागतो. तिथे एक टप्पा जास्त प्रकाश पडेल किंवा प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावावा लागेल. शिवाय अशा पडद्याने फार वेगात आणि फार मोठ्या छिद्राला पार्श्वभूमीतले गोल ठिपके एका बाजूने कापल्यासारखे येतात. मात्र एफ/२.८ ला १/३२०० पुरतो, त्यामुळे झूम वापरणाऱ्या या स्टुडिओला हा मुद्दा जड नव्हता. फ्लॅशशी जुळणारा कमाल वेगही १/१६० विरुद्ध १/२००, म्हणजे तिसरा हिस्सा टप्पा. तोही सोडून दिला.

दर्शिका (व्ह्यूफाइंडर). ए७सी टूची डाव्या कोपऱ्यात, २३.६ लाख ठिपक्यांची, ०.७० पट मोठेपणाची. झेड५ टूची ३६.९ लाख ठिपक्यांची, ०.८ पट आणि बरीच उजळ. चष्मा लावणाऱ्या माणसाला भर उन्हात हा फरक लगेच जाणवतो.

आणि कार्ड. ए७सी टूला कार्डाची खाच एकच, झेड५ टूला दोन. काही वर्षांपूर्वी एका साखरपुड्यात स्टुडिओचे एक कार्ड वाचता येईना झाले होते. डी७५० च्या दुसऱ्या खाचेतल्या कार्डावर सगळे फोटो शिल्लक होते म्हणून नाव राहिले. अण्णा म्हणाले, “बाकी सगळं जमवून घेऊ ओ. पण अक्षता परत पडत नाहीत.”

एफ/४ चा तिसरा पर्याय खांद्याला सर्वात सोयीचा होता आणि पुतण्याचे मन तिथे रेंगाळत होते. आयएसओ १२८०० चा दाणा सॉफ्टवेअरने आता चांगला काढता येतो, हे खरे. पण स्टुडिओच्या संगणकाला एका फोटोमागे साधारण २० सेकंद लागत होते. रिसेप्शनचे ६०० फोटो म्हणजे ३ तास २० मिनिटे. सीझनमध्ये लागोपाठ तीन लग्ने असली की हा वेळ झोपेतून जातो. दुसरे असे की आतली स्थिरीकरण यंत्रणा हाताचा कंप थांबवते, नवऱ्यामुलीची हालचाल नाही. हलणाऱ्या माणसासाठी १/१२५ ते १/२०० लागतोच, तिथे एफ/२.८ ला पर्याय नाही.

निर्णय आणि अंमलबजावणी

दोन झेड५ टू, २८-७५, ७०-१८० आणि सोबत ४० मिमी एफ/२. ही शेवटची लेन्स १७० ग्रॅमची, बॉडीसह ८७० ग्रॅम. ‘छोटा कॅमेरा’ हवा असेल तेव्हा वेगळी बॉडी न घेता हीच लेन्स लावायची, हा या निवडीतला सर्वात शहाणा भाग आम्हाला वाटतो. यात्रेत दिवसभर चालताना एवढेच गळ्यात ठेवायचे.

गळ्यातले पट्टे काढून दोन्ही खांद्यांवर भार वाटणारा दुहेरी हार्नेस घेतला. जड जोडी (टेली म्हणजे लांब पल्ल्याची झूम, १४९५ ग्रॅम) डाव्या बाजूला, हलकी (१२६५ ग्रॅम) दुखऱ्या उजव्या बाजूला. फिल्टर दोन्ही झूमना ६७ मिमीचा, त्यामुळे एकच पोलरायझर दोन्हीकडे चालतो. जुने फ्लॅश बदलावे लागले नाहीत. जुन्या २४-७० सोबत एक डी७५० विकला, दुसरा हाताशी ठेवला.

तुळशीच्या लग्नाआधी घरच्याच एका बारशाला सगळी जोडणी वापरून पाहिली. दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळे एकाच मिनिटाला लावली, बटणांची मांडणी सारखी केली, दोन्ही खाचांत ‘बॅकअप’ निवडले.

निष्पत्ती

खांद्याचे दुखणे पूर्ण गेले नाही, पण रिसेप्शन संपेपर्यंत दोन्ही कॅमेरे अंगावर ठेवणे शक्य झाले. आधी अण्णा रात्री नऊनंतर टेली उतरवून ठेवत असत. अल्बमच्या दर्जाबद्दल एकाही घरून तक्रार आली नाही.

अडचणी आल्या त्या वेगळ्याच ठिकाणी.

बॅटरी ही पहिली. डी७५० एका बॅटरीवर प्रमाणित चाचणीत १२३० फोटो देतो. झेड५ टू त्याच चाचणीत चारशेच्या आत. त्यात आरशाच्या कॅमेऱ्याची जुनी सवय, कॅमेरा दिवसभर चालू ठेवायचा. आरशाच्या दर्शिकेला वीज लागत नाही, इलेक्ट्रॉनिक दर्शिका मात्र छातीला टेकली तरी डोळा आला समजून जळत राहते. पहिल्या लग्नात दुपारच्या पंगतीलाच दोन बॅटऱ्या संपल्या. पुढे चार नव्या बॅटऱ्या घेतल्या, स्टँडबायची वेळ कमी केली आणि बंद करायची सवय लावली.

दुसरी अडचण २८ मिमीची. साडेतीन मीटरवरून २४ मिमीत ५.२५ मीटर रुंदी मावते, २८ मिमीत ४.५० मीटर. म्हणजे ग्रुप फोटोत दीड माणूस बाहेर. कार्यालयात मागे सरकता येते. गावठाणातल्या जुन्या वाड्यात हळदीच्या खोलीत पाठ भिंतीला टेकलेली असते. तिथे दोन विधी अर्धवट चौकटीत आले. शिवाय २८-७५ च्या कडा एफ/२.८ ला मऊ असतात, टोकाची माणसे धूसर येऊ नयेत म्हणून ग्रुपला एफ/५.६ ठेवावा लागतो. सीझनच्या मध्यात १७-२८ एफ/२.८ घ्यावी लागली. तिचे वजन ४५० ग्रॅम, फिल्टर पुन्हा ६७ मिमीचाच. ती पिशवीत राहते, अंगावर नाही.

तिसरी गडबड जानेवारीत, यात्रेत. मंदिरात आवाज नको म्हणून पुतण्याने पडदा ‘सायलेंट’वर ठेवला आणि बाहेर मिरवणुकीत तो तसाच राहिला. इलेक्ट्रॉनिक पडदा या वर्गाच्या सेन्सरवर ओळीओळीने वाचत जातो. वरपासून खालपर्यंत पोचायला सेकंदाचा विसावा ते पंधरावा भाग लागतो. तेवढ्यात कॅमेरा आडवा फिरला की सरळ उभा नंदीध्वज कलंडलेला दिसतो. मानकऱ्यांनी तोल सावरत अभिमानाने ताठ धरलेली काठी तिरकी यावी, यापेक्षा मोठी चूक त्या मिरवणुकीच्या फोटोत नाही. संध्याकाळच्या एलईडी कमानींखाली त्याच पडद्याने आडवे पट्टेही उमटले. आता सायलेंट मोड एका बटणावर दिला आहे आणि मंदिराच्या पायऱ्या उतरतानाच तो काढला जातो.

४० मिमीची लेन्स मात्र त्या चार दिवसांत सर्वाधिक वापरली गेली. बाराबंदीतल्या (यात्रेच्या पांढऱ्या पोशाखातल्या) गर्दीत मोठी झूम समोर धरली की माणसे थबकतात. छोट्या लेन्सकडे कुणी पाहत नाही.

वेगळे काय करता आले असते

२४ मिमी सोडण्याचा निर्णय जुन्या फाइल तपासून घेतला होता. अल्बमसाठी निवडलेल्या फोटोंत २४ ते २७ मिमीचे दहात एकही भरत नव्हते, म्हणून तो पल्ला बिनकामाचा ठरवला. मोजणी बरोबर होती, अर्थ चुकला. ते थोडे फोटो नेमके अरुंद खोलीतल्या, पुन्हा न होणाऱ्या विधींचे होते. फोकल लेंथची मोजणी करताना संख्येसोबत ‘दुसरी जागा घेता आली असती का’ हा रकाना हवा होता. मग १७-२८ पहिल्याच खरेदीत आली असती आणि ४० मिमी कदाचित थांबली असती.

भाड्याच्या चाचणीचे दोन्ही दिवस रिकाम्या कार्यालयात गेले. त्यातला अर्धा दिवस रस्त्यावर, चालत, सायलेंट पडद्याने विजेचे खांब टिपण्यात घालवला असता, तर तिरक्या काठीचा धडा यात्रेआधीच मिळाला असता. बॅटरीचा वापरही ट्रायपॉडवर कळत नाही, तो दिवसभर गळ्यात घालूनच कळतो.

ए७सी टूला नकार देताना कारण म्हणून वजन आणि दर्जा दोन्ही लिहिले गेले होते. ते दुरुस्त करायला हवे. दर्जात तो कुठेच कमी नव्हता आणि वजनात पुढे होता. नकाराची कारणे दोनच: एकच खाच आणि मोठ्या हाताला न मिळणारी पकड. लहान हाताच्या, मुख्यतः ३५ किंवा ४० मिमीवर काम करणाऱ्या आणि लग्न न घेणाऱ्या माणसासाठी याच तक्त्यातून उलटा निकाल निघेल.

जुनी ७०-२०० अजून विकलेली नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनाला एका जागी उभे राहायचे असते, तेव्हा ती मोनोपॉडवर, उरलेल्या डी७५० ला लावली जाते. तिथे १५४० ग्रॅम खांद्यावर येत नाहीत.